चाळिशीनंतर काउन्सेलिंग शिकायला निघालेल्यांसाठी

"ताई, मला पण काउन्सेलिंगचा कोर्स करायचाय, पण आता या वयात जमेल का?" असे मेसेज बरेच येतात, आणि प्रत्येकाला तुटक तुटक उत्तर देण्यापेक्षा म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. मी स्वतः वेगळ्याच क्षेत्रातली नोकरी सोडून, मुलं हाताशी आल्यावर या कामाकडे वळले आणि आता नवीन शिकणाऱ्यांच्या प्रॅक्टिस ग्रुपमध्ये नियमित बसते, त्यामुळे दोन्ही बाजू बघून झाल्यात. वयाचं उत्तर सोपं आहे. जमेल. पण त्या मेसेजची जी पुढची ओळ असते ना, मला खरं तर तिच्यावर बोलायचंय. ती जवळजवळ ठरलेली असते: "लोक माझ्याशी पटकन मन मोकळं करतात, नात्यात कुणाचं काही बिनसलं की मलाच फोन येतो, मी सगळ्यांना नीट समजावते."

लोकांना तुमच्याजवळ बोलावंसं वाटतं हा मोठाच गुण आहे, तो शिकवून येत नाही. अडचण त्या शेवटच्या शब्दात आहे, समजावते. ट्रेनिंगचा निम्मा वेळ ही समजावण्याची सवय सोडवण्यातच जातो, आणि वय जितकं जास्त तितकी ती सवय पक्की असते, कारण घरात काय आणि ऑफिसात काय, आपल्याला वर्षानुवर्षं मान मिळालेला असतो तो उपाय सांगण्याबद्दलच. विशीतल्या मुलामुलींकडे सल्ला मागायला कुणी जात नाही, त्यामुळे त्यांना सोडायचंही फारसं काही नसतं. मोठ्या माणसाला आधी रिकामं व्हावं लागतं, आणि कोर्सच्या माहितीपत्रकात हे कुणी लिहीत नाही.

हे नुसतं सांगून पटत नाही म्हणून एक प्रॅक्टिस कशी चालते ते सांगते. तिघांचा गट करतात. एकजण बोलतो, एकजण ऐकतो, तिसरा काही न बोलता बघतो आणि लिहून घेतो. बोलणाऱ्याने विषय खरा घ्यायचा, पण आपल्याला पेलवेल इतपतच. समजा बोलणारी म्हणाली, "आईला आता एकटं ठेवता येत नाही, भाऊ हात वर करतो, आणि मी ऑफिसमधून घरी पोचले ना की खाली गाडीतच बसून राहते थोडा वेळ, वर जावंसंच वाटत नाही." यावर नवीन माणूस काय म्हणतो? "अगं भावाशी एकदा स्पष्ट बोलून घे." नाहीतर "आमच्या सासूबाईंच्या वेळी आम्ही दिवसभराची बाई ठेवली, खूप फरक पडला." नाहीतर "तू आहेस म्हणून निभतंय सगळं." तिन्ही वाक्यं अगदी मनापासून म्हटलेली असतात. पण त्यानंतर काय झालं ते तिसऱ्याच्या वहीत उतरलेलं असतं: पहिल्या वाक्यानंतर ती पाच मिनिटं भावाबद्दलच बोलली, दुसऱ्यानंतर बाईचा पगार किती यावर गाडी गेली, तिसऱ्यानंतर ती कसनुसं हसली, "हो ना" म्हणाली आणि गप्प झाली. खाली गाडीत बसून राहणं, ज्याच्यात सगळं होतं, ते तसंच मागे पडलं, कुणी त्याला हातच लावला नाही. थोडं शिकलेला माणूस तिथे फार तर इतकंच म्हणेल, "घरी पोचतेस, पण वर जावंसं वाटत नाही." आणि थांबेल. एवढं एक वाक्य म्हणून थांबता यायला लोकांना कित्येक महिने लागतात, हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये.

विल्यम मिलर आणि स्टीफन रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी समजावण्याच्या या ओढीबद्दल फार नेमकं लिहिलंय. त्यांच्या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. मिलर दारूच्या व्यसनात अडकलेल्या लोकांबरोबर काम करत होते, त्यांचा या पद्धतीवरचा पहिला लेख १९८३ चा. समोरच्याचं चुकतंय असं दिसलं की लगेच ते सरळ करायला धावावं असं मदत करणाऱ्याला वाटतं, आणि नेमकं तिथेच काम बिघडतं. आपण म्हणायचं की दारू सोडायला हवी, की समोरचा न सोडण्याची कारणं द्यायला लागतो, आणि ती कारणं स्वतःच्याच तोंडून ऐकून आणखी पक्का होतो. म्हणून सोडण्याची कारणं त्याच्या तोंडून यावीत अशा पद्धतीने विचारायचं आणि ऐकायचं, असं ते सगळं तंत्र आहे. आईबाप, शिक्षक, मॅनेजर म्हणून वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला हे किती जड जातं ते तुम्हीच बघा.

आणि हे वाचून येत नाही. पुस्तकं वाचाच, पण आपण सेशनमध्ये नक्की काय बोललो ते आपल्यालाच आठवत नसतं, आपल्याला आठवतं ते आपण काय बोलणार होतो ते. म्हणून रेकॉर्डिंग करतात, अर्थात समोरच्याची परवानगी घेऊनच, आणि मग त्यातला दहा मिनिटांचा तुकडा शब्दन् शब्द लिहून काढायचा, उसासे, "अं", गप्प बसलेल्या जागा सगळं धरून. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने १९४० च्या सुमाराला ग्रामोफोनच्या तबकड्यांवर सेशन रेकॉर्ड करायला सुरुवात केली आणि १९४२ मध्ये एका अख्ख्या केसचं संभाषण शब्दशः छापलं, तोपर्यंत बंद खोलीत काय चालतं हे थेरपिस्ट सांगेल तेवढंच जगाला कळायचं. पुढे १९५७ मध्ये त्याने लिहिलं की माणूस बदलायला लागतो ते थेरपिस्टची समानुभूती (समोरच्याच्या जागी जाऊन त्याला समजून घेणं), खरेपणा आणि कुठलीही अट न घालता केलेला स्वीकार याने, आणि हे गुण पुस्तकी अभ्यासाने नाही तर अनुभवातून शिकण्याने अंगी येतात. आज यातल्या काही गोष्टींवर वाद आहेत, असू देत. पण लिहून काढण्याचा हा व्यायाम जिथे करून घेत नाहीत तिथे शिकू नका, असं मी स्पष्टच सांगेन.

बारीकसारीक गोष्टीसुद्धा शिकाव्याच लागतात. समोरचा रडायला लागला की आपण पटकन टिश्यू पुढे करतो. त्यात काळजीच असते, पण रडणाऱ्यापर्यंत कित्येकदा पोचतं ते "आता पुरे" असं. म्हणून डबा त्याचा हात पोचेल असा आधीच ठेवायचा आणि आपण हलायचं नाही. तसंच गप्प बसण्याचं. सुरुवातीला तीन-चार सेकंदांची शांतता सहन होत नाही, आणि आपण जो प्रश्न मध्येच टाकतो तो बहुतेक वेळा आपली घालमेल थांबवायला टाकलेला असतो.

आता दुसरी बाजू, कारण इतकं वाचून कुणाला वाटेल की मग हे डिग्रीवाल्यांचंच काम आहे. तसं नाहीये, आणि याला पुरावा आहे. १९५३ मध्ये लंडनमध्ये चाड वाराह नावाच्या पाद्र्याने आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोन सेवा सुरू केली, तीच पुढे समॅरिटन्स झाली. भेटायला येणाऱ्यांची गर्दी व्हायची म्हणून बाहेर बसलेल्यांना चहा द्यायला आणि सोबत करायला साधी माणसं असायची, आणि वाराहच्या लक्षात आलं की त्यांच्याशी बोलूनच बऱ्याच जणांना हलकं वाटतंय, आत त्याला भेटण्याची गरजच उरत नाहीये. मग त्याने ऐकण्याचं काम त्या स्वयंसेवकांकडेच दिलं.

झिम्बाब्वेतलं उदाहरण मला सगळ्यात जवळचं. डिक्सन चिबांडा हे मानसोपचारतज्ज्ञ, २००६ मध्ये हरारेत त्यांनी १४ आज्यांना घेऊन काम सुरू केलं. या बायका आधीपासूनच वस्तीत आरोग्याचं काम करायच्या. त्यांना समस्या सोडवण्याची एक आखीव थेरपी शिकवली, आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसून त्या लोकांशी बोलायला लागल्या. फ्रेंडशिप बेंच म्हणतात त्याला. २०१६ मध्ये त्याची चाचणी जामा या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, २४ दवाखाने, ५७३ रुग्ण, आणि सहा महिन्यांनी बाकावर येऊन बोललेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं उरलेल्यांचं प्रमाण साधारण १४ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ५० टक्के. गोव्यातही संगत संस्थेने मानसिक आरोग्याचं कुठलंही आधीचं शिक्षण नसलेल्या माणसांना शिकवून तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ सेशनचा कार्यक्रम चालवला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आले, आणि तेही चांगले आहेत.

पण ही उदाहरणं सांगताना लोक एक गोष्ट गाळतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो. त्या आज्या नुसत्या मायेने बोलत नव्हत्या. त्यांना पद्धत शिकवलेली होती, त्यांच्यावर सुपरव्हिजन होती, आणि केस हाताबाहेरची आहे असं वाटलं तर पुढे कुणाकडे पाठवायचं ते ठरलेलं होतं. गोव्यातले काउन्सेलर तर एकमेकांची सेशनची रेकॉर्डिंग्ज ऐकून त्यांना गुण द्यायचे. म्हणजे डिग्री नव्हती, पण कुणीतरी काम ऐकत होतं. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. आणि हल्ली शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत सर्टिफिकेट हातात देऊन "आता तुम्ही काउन्सेलर" म्हणणारे जे कोर्स निघालेत, त्यात नेमकं हेच नसतं. फी घेतात, स्लाइड दाखवतात, ग्रुप फोटो होतो, आणि सोमवारी तो माणूस कुणाच्या तरी मोडलेल्या संसारासमोर एकटा बसतो. त्याचंही नुकसान, आणि समोरच्याचं तर विचारूच नका. हे थांबायला हवं असं मला फार तळमळून वाटतं.

त्यामुळे कोर्स निवडताना अभ्यासक्रमाच्या लांबलचक यादीकडे बघू नका, फोन करून विचारा की माझं सेशन कोण ऐकणार, किती वेळा ऐकणार, आणि त्यावर माझ्याशी कोण बोलणार. प्रॅक्टिससाठी खरे क्लायंट कुठून येणार तेही विचारा, आणि कोर्स संपल्यावर तुम्ही राहता तिथल्या कायद्याने तुम्हाला स्वतःला काय म्हणवून घेता येईल तेही. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषधं तो देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, पीअर सपोर्ट वर्कर, हेल्पलाइनवरचा स्वयंसेवक, ही सगळी वेगवेगळी कामं आहेत, ट्रेनिंग वेगळं, जबाबदारी वेगळी. सगळ्यांनी थेरपिस्टच व्हायला पाहिजे असं काही नाही. स्वतः आजारातून गेलेला माणूस पीअर सपोर्टमध्ये जे करू शकतो ते बाकीच्यांना जमत नाही.

आत्महत्येबद्दल विचारायचं कसं, हे तर नीट शिकवलंच पाहिजे. नव्या लोकांना, आणि वयाने मोठ्यांना जरा जास्तच, वाटतं की विषय काढला तर आपणच डोक्यात घालू. अभ्यास हे सांगत नाहीत. २००५ मध्ये अमेरिकेत शाळेतल्या मुलांवर मोठा अभ्यास झाला, विचारल्यामुळे त्रास किंवा असे विचार वाढले नाहीत, आधीच खचलेल्या मुलांचा त्रास तर थोडा कमीच झाला. डिप्रेशनची लक्षणं मोजायला पीएचक्यू-९ नावाची जी नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात, तिच्यातला नववा प्रश्न याबद्दलच आहे. म्हणून सरळ विचारायचं, "जीव द्यावासा वाटतो का?", आवाज न बदलता, डोळे न चुकवता. आडून आडून विचारलं की आडूनच उत्तर येतं. हो आलं तर मग पुढे कसं, कधी, काही साधन जवळ आहे का, आणि लगेच कुणाला कळवायचं, हे सगळं आधीच पाठ असावं लागतं. बोललेलं आपल्यातच राहील असं वचन देताना, जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही हेही पहिल्याच भेटीत सांगायचं असतं.

अजून एक, जरा नाजूक आहे. मोठ्या वयात इकडे येणाऱ्यांत बरेच जण स्वतःचं काहीतरी जळलेलं घेऊन येतात. कुणाचं मूल गेलेलं असतं, कुणाचं लग्न मोडलेलं, कुणी भावाचं व्यसन आयुष्यभर बघितलेलं. यात गैर काहीच नाही, उलट त्यातूनच हे काम करावंसं वाटतं. पण जखम अगदी ताजी असेल तर थांबा, आधी स्वतः कुणासमोर तरी क्लायंट म्हणून बसा. नाहीतर समोरची बाई तिच्या मुलाबद्दल बोलत असते आणि आपण मनातल्या मनात आपल्याच मुलाला ऐकत असतो, आणि तिला ते कळतं, नेहमी कळतं. आणि बहिणीचं, नणंदेचं, जिवलग मैत्रिणीचं काउन्सेलिंग आपण करायचं नाही. त्यांना आपली माणसं म्हणून आपण हव्या असतो, त्यांच्यासाठी चांगला काउन्सेलर शोधून द्यायचा.

घरच्यांशी पैशाचं आणि वेळेचं आधीच बोलून घ्या. शिकतानाचे बरेचसे तास बिनपगारी असतात, सुपरव्हिजनला बऱ्याचदा आपणच पैसे भरायचे असतात, आणि सुपरव्हायझर तुमच्या मुलीच्या वयाची असू शकते, तिने "इथे तुम्ही ऐकत नव्हता" म्हटलं तर ते घ्यावं लागतं. शिवाय दिवसभर ऐकून घरी आल्यावर घरच्यांचं ऐकायची ताकद कधीकधी उरत नाही, हेही त्यांना आधीच माहीत असलेलं बरं.

आणि फी भरण्याआधी, शक्य असेल तर, एखाद्या हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून काही महिने बसा. चांगल्या ठिकाणी त्यांचं स्वतःचं ट्रेनिंग असतं, शिफ्ट संपल्यावर कुणीतरी तुमच्याशी बोलतं, आणि फोनवर चेहरा दिसत नसल्यामुळे ऐकण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही. तिथे तुम्हाला कळेल की तेच तेच दुःख तिसऱ्यांदा ऐकताना आपलं लक्ष टिकतं का, आणि काहीच सोडवता आलं नाही अशा फोननंतर पुढचा फोन उचलावासा वाटतो का. वाटत असेल तर खुशाल नाव घाला, वय पन्नास असो नाहीतर साठ.