चारला बोलवायचं अन् बारा मिनिटं वाजवू द्यायचं

"शार्प चारला साउंडचेक, ब्रो. लेट नको." हे ज्या आयोजकानं मला फोनवर बजावलं, तो स्वतः पावणेसहाला उगवला. डोळे चोळत. तोवर आम्ही तिघं, म्हणजे आमचा अख्खा बँड, नागपुरातल्या त्या क्लबच्या पडलेल्या शटरपुढं, पावसात, स्नेअर ड्रमची बॅग पोटाशी धरून उभे. समोरच्या पानठेलेवाल्यानं दोनदा विचारलं, "काहून बे पोट्टेहो, कामाले आले का इथं?"

चारला नागपुरात पोचायचं म्हणजे गडचिरोलीतल्या वडशाकडच्या माणसाला काय करावं लागतं, याची या लोकांना कल्पनाच नाही. दीडशेक किलोमीटर. नागभीडहून नागपूरला छोटी गाडी जायची, ती रूळ रुंद करायचे म्हणून 2019 ला बंद केली. राहिली बस. अन् तारीख कोणती, तर जुलैतली! आमच्याकडे जुलै म्हणजे रोवणी, धानाची लावणी. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून पेंढ्या बांधलेल्या, बांधीत पाणी तुंबलेलं, बायांची मजुरी बोललेली. अशा दिवशी जवान पोरगा घरातून बॅग घेऊन निघाला की अख्खं गाव पाहतं. बाबा बांधावरून एवढंच म्हणाले, "पऱ्हे सुकून रायले, अन् तू डफडं बडवाले चालला?" काय बोलणार? गेलो. बसमध्ये कंडक्टरनं झांजांची बॅग चाचपून "लग्नाची भांडी आहेत का" म्हणून विचारलं, तेही ऐकून घेतलं.

साउंडचेकची, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासून घ्यायची, रीत अशी असते: जो बँड शेवटी वाजवणार त्याचा आधी, अन् जो पहिला वाजवणार त्याचा सगळ्यात शेवटी. म्हणजे पहिल्या बँडची मांडामांड स्टेजवर तशीच राहते. रीत शहाणी आहे, माझं काही म्हणणं नाही. पण शेवटचा, मोठा बँड उशिरा आला की सगळी ओळ खालून कोसळते, अन् चेंगरतो कोण? तळाचा. मोठे साहेब साडेसहाला आले. मग दीड तास त्यांचं चाललं. वीस मिनिटं नुसता किक ड्रम. धप्प. धप्प. "थोडा बास कमी." धप्प. गिटारवाला पायाखालचे पेडल एकेक दाबून आपलाच आवाज डोळे मिटून ऐकतोय, जसा काही समाधीला बसलाय. आमची पाळी आली तेव्हा बाहेर लोक जमले होते. साउंडवाला म्हणाला, "आता लाइन चेकच करू." म्हणजे प्रत्येक वाद्यावर एक टोला मारायचा, आवाज येतो ना, झालं, उतरा. माझ्यापुढचा मॉनिटर, म्हणजे आपलं वाजवणं आपल्याला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, मेलेला होता. सांगितलं. "हो हो, बघतो." तो अजून बघून रायला असेल.

आता हिशोब ऐका, मी शेतकऱ्याचा पोरगा आहे, हिशोब मला येतो. चार बँड, प्रत्येकी 40 मिनिटं, मध्ये सामान बदलायला 15. एकूण 205 मिनिटं. साडेसातला सुरू केलं तर अकराला पाच कमी असताना सगळं आटपतं, साडेअकराला शटर. पोस्टरवर साडेसातच छापलं होतं. सुरू झालं नऊ वीसला! उरली 130 मिनिटं. कुणाची कापली? मोठ्या बँडची एकही नाही.

आयोजक म्हणतो, "ब्रो, तुम्ही दोन-तीन गाणी घ्या ना, दहाचा रूल आहे, पोलीस येतात."

मला दहाचा रूल शिकवतो! मी दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत ऑक्टोपॅड, इलेक्ट्रॉनिक ड्रम, वाजवतो. उघड्या मैदानात मंडप टाकून रात्रभर खेळ करणाऱ्यांना तो 2000 सालचा ध्वनीचा नियम, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, तोंडपाठ असतो, कारण परवानग्यांसाठी चपला झिजतात त्या आमच्या. बंद हॉलच्या आतल्या आवाजाला त्यात सूट आहे, हे मी त्याला सांगितलं. तो मोबाईलमध्ये बघत राहिला. मोठा बँड अकरा पंचवीसपर्यंत वाजवत होता, तेव्हा रूल कुठं गेला होता?

खोटं कशाला बोलू, आमच्या नाटकाच्या पत्रिकेवरही साडेनऊ छापतात अन् पडदा उघडतो अकराला. पण एकदा उघडला की पहाटेपर्यंत कुणाच्या वाट्याचं वाक्य कापत नाहीत. मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, आलेले जावई, लेकुरवाळ्या पोरी, म्हातारे, सगळे तिकीट काढून थंडीत चादरी गुंडाळून बसतात. कोंबडा आरवतो तरी उठत नाहीत. अन् खलनायकाचं काम वाईट झालं तर तोंडावर सांगतात. इथं क्लबात पहिल्या रांगेतली पोरं स्टेजकडे पाठ करून कुणाच्या तरी नोकरीची गोष्ट जोरजोरात सांगत होती. एकानं सिनेमातलं गाणं मागितलं. दुसऱ्या बँडचे दोस्त आपल्या बँडपुरते आत आले अन् बाहेर गेले.

मोठ्या शहरांत स्वतःची गाणी वाजवणाऱ्यांना निदान जागा तरी मिळाल्या. मुंबईत 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक हा संगीत महोत्सव झाला, पुण्यात 2010 ला वीकेंडर हा महोत्सव आला. आमच्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियातल्या पोट्ट्यांना सगळ्यात जवळ म्हणजे ही एक खोली, दीडशे माणसांची. म्हणूनच तर एवढी आग होते. ती खोली चांगली आहे हो. भिंतींना काळा फोम लावलाय, तिथं पहिला टोला मारला तेव्हा तो छातीत परत आला. मंडपात तसा कधी येत नाही.

बारा मिनिटं मिळाली. दोन गाणी झाली, तिसरं सुरू केलं. "तुडतुडा" नावाचं गाणं आहे आमचं, धानावरच्या किडीवर. दोन वर्षं घासून बनवलंय. दुसऱ्या कडव्याला मागून कुणीतरी रेकॉर्डेड संगीत चालू केलं. आम्ही वाजवतोय, अन् वरून ते! गायक मित्राला मॉनिटर नसल्यानं कळलंच नाही, तो बिचारा डोळे मिटून गात होता. मी हात थांबवले तेव्हा त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं, चूक माझीच झाल्यासारखं.

मानधन म्हणून बिअरची दोन कुपनं. तिघांत दोन. मी पीतही नाही.

रात्र बसस्टँडवर काढली, डास मारत. सकाळी दहाला थेट बांधीत उतरलो. बाबा काही बोलले नाहीत, फक्त पेंढी पुढं केली. कमरेत वाकलेलो असतानाच खिशात मोबाईल वाजला. हात पुसून पाहिलं. "ब्रो, काल मजा आली. नेक्स्ट मंथ परत करू. शार्प चार."

उत्तर दिलेलं नाही अजून. हात चिखलाचे आहेत.