निळी छटा चढवली म्हणजे पाणी होत नाही

पाणबुड्याचा सिलिंडर, रेग्युलेटर किंवा पाण्याखाली चालणारा रोबो यांचे त्रिमितीय मॉडेल हवेतल्यासारखेच रेंडर करावे, म्हणजे संगणकाकडून त्याचे चित्र काढून घ्यावे, आणि मग त्यावर निळी छटा, थोडे धुके व कॉस्टिक्सची (लाटांमुळे पाण्याखाली पडणाऱ्या उन्हाच्या चमकत्या रेषांची) जाळी चढवावी, की काम झाले, असा सल्ला शिकणाऱ्यांमध्ये सर्रास फिरतो. घाईच्या कामात तो खपूनही जातो; तपासला तर टिकत नाही.

आधी छटा. शुद्ध पाण्यात ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाचा शोषण गुणांक दर मीटरला सुमारे ०.३४ असल्यामुळे १० मीटर खोलीवर त्यातला जेमतेम ३ टक्के पोचतो, तर ४५० नॅनोमीटरचा निळा ९० टक्क्यांवर शिल्लक राहतो. नेहमीचे धुके फक्त कॅमेऱ्याचे अंतर मोजते, पृष्ठभागापासून वस्तूपर्यंतची वाट ते विसरते. उलट, कॅमेऱ्याशेजारचा दिवा १ मीटरवरच्या तांबड्या पट्ट्यावर पडला, तर जाऊन-येऊन वाट २ मीटरचीच होते आणि तांबड्यातला साधारण निम्मा भाग टिकतो. एकाच चित्रात तोच पट्टा दिव्याखाली तांबडा आणि बाहेर काळपट दिसायला हवा. सरसकट छटेला हे कसे जमावे? शिवाय किनाऱ्याजवळचे पाणी बहुधा हिरवट असते, ते वेगळेच.

कॉस्टिक्सबद्दल फार बोलायला नको. ती जाळी उन्हात, उथळ पाण्यात आणि मुख्यतः वर तोंड असलेल्या भागांवर पडते. ढगाळ दिवशी ती जवळजवळ नसतेच.

खरी गफलत मटेरियलमध्ये, म्हणजे मॉडेलच्या पृष्ठभागाला दिलेल्या गुणधर्मांत होते, आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. हवेत १.५ अपवर्तनांकाचे प्लास्टिक समोरून पाहिले तर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित करते. भोवती १.३३ अपवर्तनांकाचे पाणी आले की हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते. म्हणून शेडरमध्ये (पृष्ठभागावर प्रकाश कसा दिसेल हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) १.५ ऐवजी या दोहोंचे गुणोत्तर, म्हणजे साधारण १.१३, द्यावे लागते. धातूचे बकल चमकत राहते, पण शेजारचे गुळगुळीत प्लास्टिक मंद पडते, आणि नेमके तेच चकाकताना दिसले की रेंडर उघडे पडते. मास्कच्या काचेमागे मात्र हवा असते. त्यामुळे लंबापासून सुमारे ४९ अंशांपेक्षा तिरके पाहिले की पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन तीच काच आरशासारखी दिसू लागते. हा आरसा नंतर चढवलेल्या कुठल्याही थरातून मिळत नाही. पाणी-काच आणि काच-हवा ही दोन पृष्ठे मॉडेलमध्ये वेगळी असावी लागतात.