आमची शिवणी मोगलीची नाही, शिवणीच्या झाडाची आहे

गेल्या पंधरवड्यात एक मेसेज आमच्या तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर फिरून आला. भजनी मंडळाच्या, बचत गटाच्या, धानाच्या भावाच्या. मजकूर थोडक्यात असा : 'जंगल बुक'मधलं मोगलीचं रान म्हणजे आपलं गाव शिवणी. पुस्तकात वैनगंगा आहे, हा पुरावा. मोगली हे नाव आपल्या कुंपणावरच्या मोगली एरंडावरून घेतलं. लांडग्यांचा म्होरक्या अकेला म्हणजे आपलं अकोला. आणि पुस्तक लिहिणारा किपलिंग साहेब शिकारीसाठी इथं येऊन राहिला होता. शेवटी मागणी, की गावाच्या कमानीवर 'मोगलीचे गाव' असं लिहावं. हा विषय आता ग्रामसभेत येणार आहे, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

किपलिंग इथं राहिला होता, ही गोष्ट आधी बाजूला काढू. तो १८६५ साली मुंबईत जन्मला, लहानपणीच इंग्लंडला पाठवला गेला आणि १८८२ मध्ये परत आला. आधी लाहोरच्या, मग अलाहाबादच्या वर्तमानपत्रात त्याने काम केलं आणि १८८९ मध्ये देश सोडला. 'जंगल बुक' आलं १८९४ मध्ये, आणि ते त्याने लिहिलं अमेरिकेतल्या व्हरमाँटला, बर्फाच्या मुलखात. सातपुड्याच्या रानाची माहिती त्याने मुख्यतः स्टर्नडेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकातून घेतली, असं अभ्यासक मानतात. ते पुस्तक १८७७ चं, आणि त्याचं नावच 'सिवनी', म्हणजे मध्य प्रदेशातलं शहर. आपल्याकडच्या मुक्कामाचा दाखला मेसेजवाल्यांनीही दिलेला नाही.

अकोला आणि अकेला. ऐकायला जवळचे शब्द आहेत, बाकी काही नाही. अकेला म्हणजे हिंदीत एकटा. खुद्द किपलिंगनेच आपल्या पात्रांच्या नावांवर टिपण लिहून हा अर्थ दिला आहे. अकोल्याच्या नावाबद्दल गाव वसवणाऱ्या अकोलसिंगाची दंतकथा सांगतात, कोणी अंकोल झाडाकडे बोट दाखवतात. अकोले तर अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. शिवाय पुस्तक निघालं तेव्हा अकोला वऱ्हाडात होतं आणि सिवनी मध्य प्रांतात. वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं १९०३ मध्ये.

मोगली एरंडाचा मुद्दा मात्र मला थोडा थांबून घ्यावासा वाटतो, कारण हे झाड आपल्या रोजच्या ओळखीचं आहे. ढोरं तोंड लावत नाहीत म्हणून वावराच्या धुऱ्यावर लावतात. पानाचा देठ मोडला की चीक येतो आणि पोरं त्यात फुंकून फुगे काढतात. मीही काढले आहेत. पण या नावातला 'मोगली' म्हणजे मोगलांचा, परक्या मुलखातून आलेला. विलायती चिंचेतला 'विलायती' तसाच. झाड मूळचं अमेरिका खंडातलं. किपलिंगच्या पुस्तकातल्या पोराचं नाव याच्याशी जुळत नाही, कारण किपलिंग म्हणतो की हे नाव मी स्वतः तयार केलं. मोगलीची आई लांडगीण त्याला बेडूक म्हणते, तरी आपल्याला माहीत असलेल्या कुठल्याही भाषेत या शब्दाचा अर्थ बेडूक होत नाही, असंही त्याने लिहून ठेवलं आहे. नावाचा उच्चारही माउग्ली असा. आपल्या कानावर 'मोगली' बसला तो १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या जपानी मालिकेच्या हिंदी रूपामुळे. त्याआधी कितीतरी पिढ्या धुऱ्यावरच्या झाडाला मोगली एरंड म्हणत होत्या.

आता शिवणी. पुस्तकातली सिवनी मध्य प्रदेशात आहे, नागपूरहून जबलपूरकडे जाताना लागते. यात शंका घ्यायला जागा नाही. पुस्तकात कान्हीवाडा हे गावही येतं आणि ते सिवनी जिल्ह्यातच आहे. गोंधळ होतो तो आपल्या बोलीमुळे. आपण पाणी म्हणत नाही, पानी म्हणतो. लोणी नाही, लोनी. तसंच लिहितो शिवणी आणि म्हणतो शिवनी. पलीकडे हिंदीत श चा स होतो. माझी आत्या एकदा नागपूरच्या स्टँडवर 'सिवनी, सिवनी' ऐकून गाडीत चढली आणि तिकिटाचे पैसे ऐकून दचकली. वाहक म्हणाला, "माय, तुमची शिवनी येगळी, ही मध्य प्रदेशातली हाय." त्या वाहकाला जे कळत होतं ते या मेसेजमध्ये नाही.

पण दोन्ही नावं इतकी सारखी का, हा प्रश्न मेसेजवाल्यांनी विचारायला हवा होता, कारण त्याचं उत्तर सुंदर आहे. शिवण नावाचं झाड आहे, संस्कृतात गंभारी. सिवनीचं नाव याच झाडावरून पडलं असं तिकडेही सांगतात. शिवाच्या नावावरून पडलं असंही एक मत आहे. माझा कल झाडाकडे आहे, कारण आपल्या मुलखात गावं झाडांवरूनच ओळखली जातात : पळसगाव, मोहगाव, सावरगाव, बोरगाव, चिंचोली, हिवरा. म्हणूनच शिवण्याही ठिकठिकाणी आहेत. सिंदेवाही तालुक्यात एक आहे. अकोल्याचं विमानतळसुद्धा शिवणीतच आहे. या साऱ्या मोगलीच्या होऊ शकत नाहीत. झाडाच्या होऊ शकतात.

आमच्या गावात आता शिवणीची तीनच झाडं उरली. सर्वांत जुनं शाळेमागे आहे. माघ-फाल्गुनात पानं झडतात आणि उघड्या फांद्यांवर पिवळी-तपकिरी फुलं येतात, बाहेरून केसाळ. नवं पान हृदयाच्या आकाराचं, तळहाताहून मोठं. लाकूड हलकं, तडकत नाही, म्हणून ढोलकीचं खोड यातून कोरतात. दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, वाजायची ती आमच्या आजोबांची ढोलकी शिवणीचीच होती. कातडं केव्हाच फाटलं, खोड अजून माळ्यावर आहे. मूळ आयुर्वेदातल्या दशमुळांत मोडतं. एवढं सगळं ज्या नावात आहे, ते झाकून कमानीवर एका परक्या पुस्तकातल्या पोराचं नाव चढवायचं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वैनगंगेचा मुद्दा तेवढा खरा आहे. पुस्तकातली नदी आणि आपली नदी एकच. ती सिवनी जिल्ह्यात मुंडाऱ्याला उगम पावते, बालाघाटातून आपल्याकडे उतरते, आंभोऱ्याला कन्हान नदी पोटात घेते आणि पुढे गडचिरोलीत वर्धेला भेटून प्राणहिता होते. मोगलीने तिच्या कड्यावरून उडी घेतली तेव्हा मागे रानकुत्र्यांची झुंड होती, आणि ती झुंड दख्खनेतून आली होती, असं किपलिंग लिहितो. म्हणजे कथेतला मोगली नदीच्या वरच्या अंगाला राहतो आणि आपण खालच्या. पाणी त्याच्या रानातून आपल्या धानाच्या बांध्यांपर्यंत येतं, हे पोरांना जरूर सांगा. शाळेत पुस्तकही वाचून घ्या, मी स्वतः येऊन वाचून दाखवीन.

ग्रामसभेत माझं म्हणणं एवढंच राहील : कमानीवर गावाचं नाव आहे तसं, ण सकट, राहू द्या आणि बाजूला शिवणीचं पान रंगवा. शाळेमागच्या झाडाखाली सध्या पिवळी फळं पडताहेत. चौथीच्या पोरांनी परवा टोपलीभर वेचून आणली, गर धुऊन बिया सावलीत वाळत घातल्या आहेत. रोपांच्या पिशव्यांत माती भरायला रविवारी सकाळी माणसं हवी आहेत.