खलनायकांनो, दादरला उतरणार का?

अभिनंदन. जग जिंकायचा नाद सोडून तुम्ही सुधारायचं ठरवलंत आणि त्यासाठी मुंबई निवडलीत, म्हणजे झालेली शिक्षा कमी पडली असं तुमचं तुम्हालाच वाटत असावं. हरकत नाही. इथे येणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी व्हायचंच असतं, तुम्हाला नायक व्हायचंय. गोरेगावच्या फिल्मसिटीबाहेर हेच म्हणणारे बरेच जण उभे आहेत, पण त्यांच्यावर निदान एखादा खंड बुडवल्याचा ठपका तरी नाही.

सर्वात आधी, वाल्मिकी ऋषींचा दाखला कोणाला देऊ नका. तुमच्यासारखे सगळेच देतात. वाल्याचा वाल्मिकी झाला तो अंगावर वारूळ चढेपर्यंत एका जागी बसून. मुंबईत एवढा वेळ एका जागी बसलात तर एका बाजूला मोबाइल कव्हरवाला बसेल, दुसऱ्या बाजूला वडापावची गाडी लागेल आणि वारूळ गुडघ्यापर्यंत यायच्या आत महापालिकेची गाडी तिघांनाही उचलून नेईल. पक्षप्रवेश करून एका दुपारीत शुद्ध होण्याची सोय आहे, हे खरं. पण त्या रांगेत तुमच्याहून अनुभवी माणसं उभी आहेत. तुमच्याकडे फक्त मृत्युकिरण आहे, त्यांच्याकडे साखर कारखाने आहेत.

अमेरिकन कॉमिक्समधल्या भाऊबंदांच्या गोष्टी ऐकून हुरळूनही जाऊ नका. हॉकआय १९६४ साली आयर्न मॅनच्या गोष्टीत खलनायक म्हणून आला आणि १९६५ साली अ‍ॅव्हेंजर्स या नायकांच्या संघात रुजू झाला. सोबत स्कार्लेट विच आणि क्विकसिल्व्हर, म्हणजे कालपर्यंत मॅग्नेटोच्या टोळीतले दोघे. कोणी चारित्र्याचा दाखला मागितला नाही की मागच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर. खुद्द मॅग्नेटो १९८५ मध्ये प्रोफेसर एक्सच्या शाळेचा मुख्याध्यापक झाला. बीएड नाही, टीईटी नाही, थेट मुख्याध्यापक! (हा परिच्छेद शिक्षणसेवकांनी वाचू नये.)

आपल्याकडच्या राज कॉमिक्सचा नागराज तर जन्मलाच गुन्हेगारांना भाड्यानं द्यायचं हत्यार म्हणून. त्याला घडवणाऱ्या प्रोफेसर नागमणीनं त्याच्या डोक्यात ताबा ठेवणारी कुपी बसवली होती, बाबा गोरखनाथांनी ती काढली आणि पोरगा सरळ झाला. तुमचं तसं नाही. तुमच्या डोक्यात कुपी नव्हती. जे केलंत ते स्वतःच्या अकलेनं केलंत, त्यामुळे ते काढायला मेडिक्लेमही मिळणार नाही.

आता राहायची जागा. गुहा विकून येणार असाल तर एजंट आधी ज्वालामुखीचा कार्पेट एरिया विचारेल आणि तुम्ही सांगाल त्यातून लाव्हारसाचं क्षेत्रफळ वजा करेल. पृथ्वीवर राज्य करायला निघालेल्या माणसाला उरलेल्या पैशांत मुलुंडला वन बीएचके येतो, तोही रुळांकडे तोंड केलेला. येत असेल तर घ्या, पुढे कामाला येईल. भाड्यानं राहायचं तर अकरा महिन्यांचा करार, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद आणि सोसायटीच्या कमिटीपुढे मुलाखत. ‘पूर्वी काय करत होता?’ असं विचारतील. खुशाल खरं सांगा. ‘पृथ्वी नष्ट करायचा प्रयत्न करत होतो’ म्हटल्यावर सगळे माना डोलावतील. मग कोपऱ्यातले एक काका चष्म्यावरून बघत विचारतील, ‘नॉनव्हेज खाता का?’ इथे मात्र विचार करून उत्तर द्या. पुढचा प्रश्न लग्नाचा असतो. एकट्या पुरुषाला जागा देण्यापेक्षा सहकुटुंब राक्षस परवडला, हे कमिटीचं जुनं मत आहे.

गुप्त ओळख वगैरे विसरा. मेट्रोपोलिसमध्ये सुपरमॅननं चष्मा लावला की शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यांनाही तो ओळखू येत नाही. इथे गेटवर वॉचमन वही पुढे करतो: नाव, फ्लॅट नंबर, कारण. मुखवटा घातलेला असो वा नसो. ‘उडत आलो’ म्हणालात तर विचारेल, ‘गाडी नंबर?’ त्याच्या नजरेतून सुटलातच तर भांड्यांना येणाऱ्या मावशी आहेत. ‘दादा, ती तुमची पाठीवरची झूल मशीनला लावू का हातानं धुऊ?’ असं त्या जिन्यात उभ्या राहून विचारतील आणि चौथ्या मजल्यावरून कोणीतरी उत्तर देईल, ‘हातानंच धुवा, रंग जाईल.’

प्रवास लोकलनंच करावा लागेल. उडायचा विचार असेल तर ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात, एवढं लक्षात ठेवा. पूर्वी तुम्ही ‘गुडघे टेक!’ म्हणालात की समोरचा टेकायचा. विरार फास्टमध्ये कोणाची कितीही इच्छा असली तरी गुडघा टेकायला जागा नसते. दारात उभे राहिलात की मागून आवाज येईल, ‘दादरला उतरणार का?’ हो म्हणा, नाही म्हणा, पण ‘मी कोण आहे ठाऊक आहे का तुला?’ म्हणू नका. त्याला ठाऊक आहे. तुम्ही त्याच्या आणि दादरच्या मध्ये उभा असलेला माणूस आहात. पुण्य कमवायचंच असेल तर चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीनं टेकलेल्या एखाद्या आजोबांसाठी बाकीच्या तिघांना आणखी चार बोटं सरकवून दाखवा. ज्याला ते जमलं त्याला आम्ही महाबली मानतो. आजवर कोणाला जमल्याचं ऐकिवात नाही.

बोलण्यावर जरा ताबा ठेवा. जुन्या सवयीनं ‘हे शहर बुडवून टाकीन!’ असं तोंडातून गेलंच, तर लोक पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या चौकाचं नाव घेऊन विचारतील, ‘हिंदमाता धरून की सोडून?’ २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. हा आकडा इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. आपल्या प्रलययंत्राची क्षमता तपासून मगच धमकी द्यावी, उगाच हसं होतं.

हसण्यावरून आठवलं. तुमचं ते सातमजली हास्य वाया घालवू नका. हास्यक्लब ही चळवळच मुळात अंधेरीत सुरू झाली, डॉ. मदन कटारियांनी १९९५ साली. सकाळी साडेसहाला बागेत जाऊन हात वर करून एकदा गडगडाट करा, निवृत्त बँकवाले तुम्हाला पहिल्या रांगेत ओढतील. फक्त हसून झाल्यावर बेत समजावून सांगायला लागू नका. शत्रूला खांबाला बांधायचं आणि वीस मिनिटं आपली योजना ऐकवायची, ही तुम्हा लोकांची खोड जुनी आहे. मुंबईत वीस मिनिटं कोणी देत नाही, खांबाला बांधलेला माणूससुद्धा देत नाही.

आता प्रत्यक्ष नायकगिरी. समजा दादरच्या पुलावर तुम्ही पाकीटमार पकडलात. पकडणं सोपं आहे, देणं अवघड. चौकीत गेलात की असं होईल.

‘कुठे पकडला?’

‘पुलावर, साहेब.’

‘पूल रेल्वेचा की महापालिकेचा?’

तुम्हाला सांगता येणार नाही, पुलालाही सांगता येणार नाही. रेल्वेचा असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे जा. तिथेही नीट सांगा, कारण प्रवाशाचं पाकीट गेलं तर लोहमार्ग पोलीस आणि रेल्वेच्या सीटचं फोम गेलं तर आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल. पुलाच्या वर हवेत पकडला असेल तर तसं अजिबात सांगू नका, त्यासाठी कोणता रकाना भरायचा हे ठरेपर्यंत रात्र होईल. हद्द कोणाचीही असो, झिरो एफआयआर कुठेही नोंदवता येतो, असं कायदा म्हणतो. कायदा म्हणतो, हे तुम्ही हवालदारसाहेबांना सांगून पाहा. मी बाहेर थांबतो.

दरम्यान पाकीटमाराला चहा मिळेल, कारण तो ओळखीचा आहे. तुम्हाला मिळणार नाही, कारण तुम्ही कोण हेच अजून ठरायचंय. शेवटी आधार कार्ड होईल, बोटांचे ठसे होतील आणि संगणकाच्या पडद्यावर तुमचं जुनं रेकॉर्ड सरकायला लागेल. सरकतच राहील. तेव्हा पाकीटमारच आदरानं उठून तुम्हाला आपली खुर्ची देईल. त्या दिवशी झालेला तेवढा एकच सत्कार.

अपघातात मदत केलीत तर बरं पडतं. जखमींना मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती करता येत नाही, हे २०२० च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलंय. पण उलटलेला ट्रक तुम्ही एका हातानं उचललात की भोवती पन्नास मोबाइल उभे राहतील आणि त्यातला एक ओरडेल, ‘भाऊ, परत एकदा उचला ना, माझा आडवा धरायचा राहिला!’ दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागेल. वर हात जोडलेले दादा, बाजूला ताई, खाली तेरा कार्यकर्ते. ‘भाऊंच्या अथक पाठपुराव्यास यश, अखेर ट्रक हटला!’ तुम्ही ट्रकच्या फोटोत मागे दिसाल, अर्धे.

कॉमिक्समधल्याच बॅरन झीमो या खलनायकानं १९९७ मध्ये आपली सगळी टोळी थंडरबोल्ट्स या नावाखाली नवे नायक म्हणून लोकांपुढे उभी केली होती. विश्वास बसला की गळा कापायचा, असा बेत. बेत फसला, कारण टोळीतल्या काहींना लोकांचं प्रेम गोड लागायला लागलं. मुंबईत हा धोका नाही.

तुमची खरी अडचण वेगळीच आहे. तुम्हाला चांगुलपणा जमत नाही ही नव्हे, तुम्हाला काम करता येतं ही. स्पायडर-मॅनचा शत्रू डॉक्टर ऑक्टोपसकडे पाहा. २०१३ मध्ये तो स्पायडर-मॅनच्या शरीरात शिरून स्पायडर-मॅनची नोकरी करत होता. शहरभर टेहळणीचे यंत्रकोळी सोडले, हाताखाली माणसं ठेवली, स्वतःची कंपनी काढली आणि वर पीटर पार्करची, म्हणजे मूळ स्पायडर-मॅनची, रखडलेली डॉक्टरेटही पूर्ण केली. खऱ्या पीटरला बिचाऱ्याला महिन्याचं भाडं वेळेवर भरता येत नव्हतं. अखेर ऐन निकराच्या वेळी आपण कमी पडतोय हे ऑक्टोपसला कळलं आणि त्यानं शरीर मूळ मालकाला परत केलं. डिपॉझिटही मागितलं नाही. मुंबईत अशी जागा सोडणारा भाडेकरू दाखवा.

त्यापेक्षा बहादूरची वाट धरावी म्हणाल, तर तीही वाटते तितकी सोपी नाही. इंद्रजाल कॉमिक्ससाठी १९७६ साली लेखक-चित्रकार आबिद सुरतींनी या बहादूरला, म्हणजे डाकूच्या मुलाला, नायक केलं. सूड घ्यायला निघालेला पोरगा पुढे डाकूंविरुद्धच नागरिकांचं दल उभारतो. आणि सुरतींनी स्वतः काय करावं? २००७ पासून दर रविवारी प्लंबर सोबत घेऊन मीरा रोडच्या इमारतींत दारोदार जायचं आणि लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. तुम्हाला हसू येतंय. समुद्र उलटवणाऱ्या हातांनी वायसर बदलायचा? बदलून पाहाच. वायसरसाठी नळ सोडवावा लागतो, नळासाठी वरचा कॉक बंद करावा लागतो, कॉक गच्चीत, गच्चीची चावी वॉचमनकडे, वॉचमन गावाला. चावी मिळालीच तर कॉक इमारतीच्या वयाचा आणि गंजलेला. प्लंबर त्याला आधी घासलेट पाजतो, पाना लावतो, दोन शिव्या घालतो, विडी ओढतो आणि मग पाव आटा फिरवतो. तुम्ही दहा हत्तींच्या बळानं फिरवाल. कॉक तुमच्या हातात येईल, टाकी रिकामी होईल आणि तोंडाला साबण लावलेली अख्खी बी विंग टॉवेल गुंडाळून तुमच्या दारात उभी राहील. आजवर तुमच्यावर चाल करून आलेली कोणतीही फौज एवढी चिडलेली नव्हती.

म्हणून माझं ऐका, सेक्रेटरी व्हा. भाडेकरूला उभं राहता येत नाही, म्हणून तर मघाशी मुलुंडचा वन बीएचके घ्या म्हटलं. कमिटीची निवडणूक लागली की नाव द्या. बिनविरोध याल, त्या खुर्चीकडे कोणी वाकड्या नजरेनंही बघत नाही. तुमचं सगळं शिक्षण इथे कारणी लागेल. नोटीस बोर्डावर लाल शाईत धमक्या लिहायच्या. थकबाकीदारांची नावं जाहीर करायची. पाणी किती वाजता सोडायचं आणि किती वाजता तोडायचं हे एकट्यानं ठरवायचं. गच्चीची चावी कमरेला. जगाच्या नाड्या हातात असणं म्हणजे काय, हे तुम्हाला त्या ज्वालामुखीत बसून कधी कळलं नसेल ते इथे पहिल्याच आठवड्यात कळेल. आणि गंमत म्हणजे नळ दुरुस्त होतील, लिफ्ट चालेल, मेंटेनन्स वेळेवर येईल. सगळे तुम्हाला शिव्या घालतील आणि पुढच्या वेळी पुन्हा तुम्हालाच निवडतील.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एखाद्या रविवारी दारावरची बेल वाजेल. बाहेर तुमचा जुना शत्रू उभा असेल, तोच तो नायक. तुम्ही सुधारल्यापासून त्याला काम नाही. झूल विटलेली, हातात बायोडेटा. मागची भांडणं उकरू नका, आत घ्या, चहा टाका. पार्किंगमध्ये बाहेरच्यांनी लावलेल्या गाड्या उचलून रस्त्यावर ठेवायला असा माणूस लागतोच, ठेवून घ्या कामावर. पावतीपुस्तक मात्र त्याच्या हातात देऊ नका. एक इमारत वाचवताना शेजारच्या किती पाडल्या, याचा हिशेब त्यानं आजवर कोणालाच दिलेला नाही, आणि आपल्याकडे ऑडिट असतं.