खुलासा : दुर्बिणीतून ॲड्रिनल ग्रंथी काढण्याआधीची औषधे टाळता येत नाहीत

‘शस्त्रक्रिया दुर्बिणीतून आहे, पोटावर तीन-चार लहान छिद्रे, त्यामुळे रक्तदाबाची आधीची तयारी लागत नाही,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि फिओक्रोमोसायटोमाच्या (मूत्रपिंडावर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथीतील एक गाठ) रुग्णासाठी जिवावर बेतणारा आहे.

ही गाठ ॲड्रिनॅलिनसारखी संप्रेरके बनवते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरताना किंवा गाठीला हात लागताच ती रक्तात उसळतात, आणि रक्तदाब काही क्षणांत धोकादायक पातळीवर जातो. छिद्र लहान असल्याने यात काहीच बदलत नाही. म्हणून साधारण 7 ते 14 दिवस आधी अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारे औषध) सुरू करतात, सोबत भरपूर पाणी व मीठ (हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टर ठरवतील तेवढेच). नाडी वेगात असेल तर बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारे औषध) देतात, पण अल्फा ब्लॉकरचा परिणाम दिसल्यानंतरच. उलटा क्रम केल्यास रक्तवाहिन्या आणखी आवळतात आणि रक्तदाब भडकतो.

ग्रंथीची शीर क्लिप लावून बंद केली की चित्र पालटते : रक्तदाब कोसळू शकतो, साखरही उतरते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर दोन्हींवर बारीक लक्ष हवे. उजवीकडची शीर आखूड असते व थेट महाशिरेत (हृदयाकडे रक्त नेणारी सर्वांत मोठी शीर) उघडते. ती फाटल्यास मोठा रक्तस्राव होतो.

‘ग्रंथी काढली की जन्मभर स्टेरॉइड घ्यावे लागते’ हेही सरसकट खरे नाही. दुसरी ग्रंथी निरोगी असेल तर ते लागत नाही. कुशिंगमध्ये (गाठ कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त बनवते तो विकार) मात्र दुसरी ग्रंथी दबलेली असते, म्हणून काही महिने हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड द्यावे लागते. दोन्ही ग्रंथी पूर्ण काढल्या तरच ते कायमचे.