अपडेट पुढे ढकलणारा अडाणी नसतो

गेले काही महिने एक निळं कार्ड आमच्याकडच्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतंय. सेवा केंद्र चालवणाऱ्यांच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, अगदी भजनी मंडळाच्या ग्रुपवरही. वर कुलपाचं चित्र आणि खाली पाच वाक्यं: ‘कॉम्प्युटरवर अपडेटची सूचना दिसली की ताबडतोब दाबा, पाचच मिनिटं लागतात. अपडेट पूर्ण मोफत असतं. प्रत्येक अपडेट तुमच्या सुरक्षेसाठीच असतं. अपडेटमुळे कॉम्प्युटर कधीच बिघडत नाही. अपडेट टाळणारे आळशी आणि अडाणी असतात, त्यांच्यामुळेच व्हायरस पसरतो.’

लिहिणाऱ्याचं नाव कार्डावर नाही. हेतू चांगला असणार, आणि त्यातली एक गोष्ट खरीही आहे. तिच्यावर शेवटी येतो. पण हे कार्ड न वाचता पुढे पाठवलं जातंय, आणि कॉम्प्युटरवर रोज पोट भरणाऱ्या माणसांना त्यात अडाणी म्हटलंय. ते मला सहन होत नाही. मी जिंतूरला बसस्टँडजवळ सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, पीक विमा, त्याला जोडून झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं डीटीपी. दोन मशीन, एक प्रिंटर, अंगठ्याचं एक यंत्र. एकेक वाक्य घेतो.

‘ताबडतोब दाबा, पाचच मिनिटं लागतात.’

2023 चा जुलै. एक रुपयात पीक विमा त्याच खरिपापासून सुरू झाला होता आणि मुदत 31 जुलैला संपत होती. पुढे ती 3 ऑगस्टपर्यंत वाढली, पण त्या दुपारी हे कुणालाच माहीत नव्हतं. दुकानाबाहेर शेजारच्या टपरीपर्यंत रांग. बोरीकडचे एक मामा सकाळपासून बसलेले. त्यांचा नंबर आला, आधार झालं, पासबुक झालं, गट नंबर टाकला, पेरापत्र स्कॅन केलं, आणि पडदा बदलला. अपडेटचं काम चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.

“काय झालं दादा? हे नुसतं गोल फिरायलंय.”

“अपडेट घ्यायलंय मामा.”

“आन् आमचा फारम?”

फॉर्म गेला होता. कोपऱ्यात आलेली सूचना मी सकाळपासून तीन वेळा ‘नंतर’ म्हणून बाजूला सारली होती, कारण समोर माणसं उभी होती. शेवटी मशीनने स्वतःच वेळ ठरवली. पाऊण तास गेला. त्यात मध्येच लाईट गेली आणि जुन्या इन्व्हर्टरकडे बघत मी नुसता उभा राहिलो, कारण अर्ध्यात मशीन बंद पडलं तर काय होतं ते मला चांगलं माहीत होतं. मामांची चारची एसटी चुकली.

पाच मिनिटं कुठे लागतात आणि पाऊण तास कुठे लागतो, याला कारण आहे. अपडेट म्हणजे आधी फाईल उतरवणं, मग त्या उलगडणं, मग हजारो छोट्या फाईल जुन्यांच्या जागी बसवणं, आणि मग रीस्टार्ट. एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली चिपवरची डिस्क, असलेल्या मशीनवर हे झरझर होतं. आमच्याकडच्या जुन्या मशीनमध्ये फिरत्या चकतीची हार्डडिस्क आहे. प्रत्येक फाईलसाठी तिची सुई चकतीवर जागा शोधत हलते, वर रॅम चार जीबी. त्या वेळात साधं पीडीएफ उघडत नाही. कार्ड लिहिणाऱ्याच्या टेबलावर पाच मिनिटं खरी असतील. आमच्या टेबलावर ती खरी नाहीत.

आणि ‘ताबडतोब दाबा’ हे तर सरळ धोक्याचं सांगणं आहे. ब्राउझरमध्ये ‘तुमचं क्रोम जुनं झालंय, इथे दाबा’ असं खोटं पान उघडतं, ते अपडेटच्याच वेषात येतं. वेबपानावरचे व्हिडिओ दाखवणारा फ्लॅश प्लेअर चालू होता तेव्हा त्याच्या नावाने असली खोटी अपडेटं वर्षानुवर्षं वाटली गेली. एप्रिल 2022 मध्ये विंडोज 10 चं अपडेट म्हणून जी फाईल लोकांनी उतरवून घेतली, तिच्यात मॅग्निबर नावाचं, फाईल कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर होतं. माणसाला शिकवायचं ते हे, की अपडेट कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन बघायचं, वेबपानावर आलेल्या खिडकीतून कधीच घ्यायचं नाही. दिसलं की दाबायची सवय ज्याला लागली, तो एक दिवस चुकीचंच बटण दाबणार.

कार्डाने उपयोगाचं सांगायचं तर विंडोजच्या ‘ॲक्टिव्ह अवर्स’बद्दल सांगायला हवं होतं. त्या वेळेत मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही. ही वेळ मुळात सकाळी 8 ते संध्याकाळी 5 अशी धरलेली होती, म्हणजे ऑफिसची. आमच्या बाजारपेठेत दुकानं रात्री नऊपर्यंत चालतात. ही वेळ बदलता येते, जास्तीत जास्त 18 तासांपर्यंत, आणि अपडेट 35 दिवस थांबवूनही ठेवता येतं. एवढी एक ओळ छापली असती तर किती केंद्रचालकांचे किती फॉर्म वाचले असते.

‘अपडेट पूर्ण मोफत असतं.’

कंपनी पैसे मागत नाही, एवढंच त्यात खरं. तालुक्याच्या गावात आता फायबर आलंय, पण आजूबाजूच्या खेड्यांत अजूनही मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं आणि रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक त्यात पुरवायचा असतो. महिन्याचं अपडेट कित्येकशे एमबीचं, मोठं अपडेट काही जीबींचं. विंडोज वायफायला मोजून वापरायचं कनेक्शन धरत नाही, आणि हॉटस्पॉट त्याला साध्या वायफायसारखाच दिसतो. म्हणजे ‘मीटर्ड कनेक्शन’ची खूण हाताने करेपर्यंत ते निवांत डेटा ओढत राहतं. बारावीच्या पोराचा दिवसाचा डेटा सकाळी अकरालाच संपतो आणि घरचे त्याला विचारतात, काय बघत होतास.

दुसरा खर्च याहून मोठा. विंडोज 10 ची मोफत देखभाल 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. विंडोज 11 घ्यायला पैसे लागत नाहीत, पण त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमच्या बाजारपेठेतली बरीच मशीन सेकंडहँड घेतलेली आहेत, ती यात बसत नाहीत. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष सुरक्षेची अपडेटं द्यायची सोय केली, पण त्यासाठी खात्यात साइन-इन करून सेटिंग त्यांच्याकडे सिंक करायची, नाहीतर 30 डॉलर भरायचे किंवा त्यांचे पॉइंट वापरायचे. धडधाकट चालणारं मशीन ज्याला बदलावं लागणार, त्याला ‘पूर्ण मोफत’ म्हणून सांगू नये.

‘प्रत्येक अपडेट तुमच्या सुरक्षेसाठीच असतं.’

माझा खरा राग या वाक्यावर आहे. सुरक्षेची दुरुस्ती, नवी सजावट, कुणीच न मागितलेलं ॲप आणि निव्वळ जाहिरात, या चार वेगळ्या गोष्टी एकाच घंटीने येतात. जावाच्या अपडेटसोबत 2015 पर्यंत आस्क टूलबार ही ब्राउझरमधली जादाची शोधपट्टी चिकटवलेली असायची, खूण आधीच मारलेली. फ्लॅशसोबत दुसऱ्या कंपनीचं अँटीव्हायरस यायचं. गडबडीत ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करणाऱ्याच्या ब्राउझरचं मुखपृष्ठच बदलून जायचं, आणि दोष यायचा त्याच्याच माथी.

2016 मध्ये तर हद्द झाली. विंडोज 7 आणि 8.1 वापरणाऱ्यांना विंडोज 10 घ्या म्हणून खिडकी यायची. त्या मे महिन्यात असं केलं गेलं की खिडकीच्या कोपऱ्यातल्या लाल फुलीवर दाबलं तरी ठरवलेलं अपग्रेड रद्द होत नसे. लहान पोरालाही ठाऊक असतं की फुली म्हणजे नको. कॅलिफोर्नियात छोटी ट्रॅव्हल एजन्सी चालवणाऱ्या एका बाईंचं मशीन अशाच नको असलेल्या अपग्रेडने निकामी झालं. त्या कोर्टात गेल्या आणि मायक्रोसॉफ्टला त्यांना 10,000 डॉलर द्यावे लागले. त्यांची बातमी वाचली तेव्हा मला माझंच दुकान दिसलं होतं.

आजही बहुतेक सूचनांत दोनच बटणं असतात, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. ‘नको’ नसतंच, आणि हे अपडेट नेमकं कशासाठी आहे ते एका ओळीत साध्या भाषेत लिहिलेलंही नसतं. दिवसातून पाच वेळा असली खिडकी ज्याच्या कामात येते, तो सहावी न वाचता बंद करतो. सहावी खरंच महत्त्वाची असली तरीही. ही सवय त्याला लावली कुणी?

‘अपडेटमुळे कॉम्प्युटर कधीच बिघडत नाही.’

हे लिहिण्याआधी साधी चौकशी करायला हवी होती. ऑक्टोबर 2018 मधल्या विंडोज 10 च्या मोठ्या अपडेटने काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाईल पुसल्या. चार दिवसांत ते वाटप थांबवावं लागलं. मार्च 2021 च्या अपडेटनंतर काही कंपन्यांच्या प्रिंटरवर प्रिंट दिली की निळा पडदा येऊन मशीन बंद पडत होतं. झेरॉक्सवाल्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. 19 जुलै 2024 ला, आपल्या घड्याळात सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाईल अपडेट म्हणून गेली. सव्वा तासात ती मागे घेतली, तोवर सुमारे 85 लाख विंडोज मशीन बंद पडली होती. त्या दिवशी आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले.

सगळ्यात वाईट उदाहरण 27 जून 2017 चं. युक्रेनमध्ये मेडॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर घरोघरीच्या धंद्यात वापरलं जायचं. हल्लेखोर त्याच्या कंपनीत घुसले आणि नॉटपेट्या हा विध्वंसक व्हायरस त्यांनी त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरवला. ज्याने ते अपडेट वेळेवर घेतलं, त्याच्याच दारातून तो आत आला. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीत गेला आणि न्हावाशेवा बंदरातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं.

आमच्या डीटीपीवाल्यांचं दुखणं याहून साधं आणि रोजचं. पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती 2001 ची. मराठी पत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल अजूनही त्यावर आणि जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टवर चालतात, कारण वीस वर्षांच्या फाईल त्यातच पडून आहेत. प्रणाली बदलली की सॉफ्टवेअर चालू करणारी यूएसबी किल्ली, म्हणजे डोंगल, ओळखला जात नाही, एखादी वेलांटी भलतीकडे जाते. ऐन लग्नसराईत ही जोखीम कुणी घ्यायची? ते पुढे ढकलतात तेव्हा विचार करूनच ढकलतात.

‘टाळणारे आळशी आणि अडाणी, त्यांच्यामुळेच व्हायरस पसरतो.’

इथे कार्डाची खरी बाजू मान्य करतो. 12 मे 2017 ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस आला आणि दीडशेच्या आसपास देशांतली दोन लाखांहून जास्त मशीन त्याने कुलूपबंद केली. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच दिली होती. म्हणजे दोन महिने हातात होते. बाधित मशीनपैकी बहुतेक विंडोज 7 ची होती, आणि त्या प्रणालीला ती दुरुस्ती मिळत होती. घेतली असती तर वाचली असती. म्हणून अपडेट कायमचं बंद करून देतो म्हणणाऱ्या दुरुस्तीवाल्याचंही मी ऐकत नाही. फुकटचं विंडोज ॲक्टिवेट करून देताना जे अँटीव्हायरस आणि अपडेट दोन्ही बंद करतात, ते गिऱ्हाइकाचं दार उघडं टाकून जातात.

पण ते भोक आधी कुणाला माहीत होतं? अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला. त्यांनी ते स्वतःच्या वापरासाठी दडवून ठेवलं आणि त्यांचं हत्यार एप्रिल 2017 मध्ये चोरांनी उघड्यावर टाकलं. बाधितांत ब्रिटनची सरकारी हॉस्पिटलं होती, हजारो रुग्णांच्या तपासण्या रद्द झाल्या. तिथले लोक काय आळशी होते? चालू हॉस्पिटलमधलं मशीन बंद कधी करायचं, हा त्यांचा प्रश्न होता. 31 जुलैला माझाही तोच होता.

दुरुस्तीसाठी चालू काम अडवावंच लागतं, असंही नाही. 2016 पासून अँड्रॉइडमध्ये सोय आहे की फोन चालू असतानाच नवी प्रणाली दुसऱ्या भागात बसते आणि मग एकदा बंद-चालू केलं की झालं. मायक्रोसॉफ्टनेही एप्रिल 2025 पासून विंडोज 11 च्या एंटरप्राइज आवृत्तीला ‘हॉटपॅच’ दिलंय. सुरक्षेची दुरुस्ती चालत्या मशीनमध्ये बसते आणि वर्षाला बाराऐवजी चारच ठरलेले रीस्टार्ट लागतात. हे मोठ्या कंपन्यांच्या आवृत्तीत आहे. दुकानात, घरात असते त्या होम आवृत्तीत नाही. ज्याच्याकडे मशीन सांभाळायला पगारी माणूस आहे त्याला चार रीस्टार्ट, आणि ज्याच्यासमोर रांग उभी आहे त्याला बारा. यात आळशी कोण, हे कार्ड लिहिणाऱ्याने सांगावं.

मायक्रोसॉफ्टची महिन्याची दुरुस्ती दुसऱ्या मंगळवारी येते, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. त्यामुळे बुधवारी सकाळी दुकान उघडलं की सूचना हजर असते. मी ती त्याच आठवड्यात घेतो, पण शनिवारी रात्री. शटर ओढल्यावर, गिऱ्हाइकांच्या फाईल पेनड्राइव्हवर उतरवून, इन्व्हर्टर भरलेला आहे ना ते बघून. दुसरं मशीन सोमवारी पहिल्यावर नीट प्रिंट निघाली की मगच. आमच्या ग्रुपवर मी हे लिहिलं तेव्हा तीन केंद्रचालकांनी विचारलं, ती वेळ बदलायची सेटिंग नेमकी कुठे असते. स्क्रीनशॉट काढून पाठवलेत.