घड्याळजी व्हा म्हणताना सुट्या भागांचंही बोला

एचएमटीचं 'जनता' पुन्हा मनगटांवर दिसू लागलं, तशी एक जुनी चर्चाही वर आली: पोरांना घड्याळदुरुस्ती शिकवावी का? कुणी म्हणतं, कसब बुडतंय, वाचवा. कुणी म्हणतं, दादर स्टेशनबाहेर सेल आणि पट्टे बदलून आता कुणाचं घर चालतं? स्वित्झर्लंडमधून हे ऐकताना मी पहिल्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. ती अट दोन्हीकडचे विसरतात.

इथेही हा धंदा एकदा बसलाच होता. सेलवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ आलं आणि १९७० च्या सुमाराला ९० हजारांच्या घरात असलेले कामगार १९८० च्या दशकात ३० हजारांवर आले. पुढे यांत्रिक घड्याळ चैनीची वस्तू म्हणून विकलं गेलं, तेव्हा कुठे धंदा सावरला. दुरुस्तीचं पूर्ण शिक्षण आजही चार वर्षांचं, आणि सुरुवातीला घड्याळ हातात येतच नाही. कानस, पोलाद आणि छोटा लेथ. बॅलन्सच्या, म्हणजे पुढेमागे झुलून वेळ धरणाऱ्या चाकाच्या, दांडीचं टोक ०.१ मिलिमीटरच्या आसपास कातायचं, म्हणजे केसाहून जेमतेम जाड.

आपल्याकडे उस्तादाशेजारी बसून हात तयार होतो, कारणं मात्र क्वचितच कळतात. 'जनता'चंच घ्या: चावीचं, १७ खड्यांचं (झीज कमी व्हावी म्हणून दांड्यांच्या टोकांशी बसवलेले), तासाला १८,००० ठोक्यांचं. पेट्रोलमध्ये धुऊन सगळीकडे एकच तेल सोडलं तरी ते चालू होतं, म्हणून तेच बरोबर वाटतं. पण सावकाश फिरणाऱ्या, जोर पेलणाऱ्या चाकांना दाट तेल लागतं आणि बॅलन्सच्या टोकांना पातळ. पॅलेटच्या, म्हणजे चाकाचा एकेक दात अडवून सोडणाऱ्या काट्याच्या, खड्यांना वेगळं तेल किंवा ग्रीस, तर पॅलेटच्या दांडीची टोकं सहसा कोरडीच ठेवतात. खड्याच्या वाटीत तेल दोन-तृतीयांश भरलं की बास. जास्त झालं तर ते पसरतं. हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सच्या बारीक गुंडाळलेल्या स्प्रिंगला, लागलं की वेढे चिकटतात आणि घड्याळ भरधाव पुढे पळतं; चुंबक लागल्याचंही लक्षण हेच. पॅलेट स्पिरिटमध्ये भिजत ठेवलीत तर खडे धरून ठेवणारी लाख विरघळते. ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या टायमिंग मशीनवर, पूर्ण चावी देऊन, तबकडी वर ठेवून बॅलन्सचा झोका २७० ते ३०० अंश यावा. तो २०० वर अडकला असताना नुसता रेग्युलेटर, म्हणजे चाल कमी-जास्त करणारा खटका, सरकवणं म्हणजे ताप आहे म्हणून थर्मामीटर झटकणं.

हे सगळं शिकवता येतं. गाडं अडतं ते पुढे. एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला सरकारनं २०१६ मध्ये मंजुरी दिली. आता भाग मिळतो तो उरल्यासुरल्या साठ्यातून, नाहीतर दुसरं घड्याळ फोडून. परदेशी संग्राहक नाक मुरडून ज्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, त्या रंगवलेल्या तबकड्यांच्या, इकडचं-तिकडचं जोडलेल्या घड्याळांमागे ही टंचाईही आहे. (तीन मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत करणाऱ्या हातांना हसण्यात काही अर्थ नाही. मूळचं म्हणून विकणं ही मात्र फसवणूकच.)

आणि स्वित्झर्लंडचा दाखला देणाऱ्यांनी हेही ऐकावं. स्वॉच या बड्या स्विस घड्याळ समूहानं २०१५ अखेर घाऊक व्यापाऱ्यांना सुटे भाग देणं थांबवलं. चार वर्षं शिकलेला, स्वतःचं दुकान टाकलेला घड्याळजीही मग एका दांडीसाठी अडतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात नोकरी धरली तर भागांची ददात नाही, पण दुकान गेलं.

म्हणून माझी अट: शिकवा, पण लेथसकट. दांडी आणि चावीचा दांडा स्वतः कातता आला नाही, तर उमेदवार दुसऱ्याच्या साठ्यावर जगणार. शिवाय क्वार्ट्झला कमी लेखू नका. स्क्रूड्रायव्हर घसरून तुटलेली कॉइल मल्टिमीटरवर ओळखायला एक दुपार पुरते आणि रोजचं गिऱ्हाईक तेच असतं. दुरुस्तीच्या हक्काबद्दल केंद्र सरकारनं २०२२ मध्ये शेती अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. घड्याळ त्यात नाही. पोरांना स्टुलावर बसवण्याआधी तिथे पाचवी ओळ मागायला हवी.